ई-ग्रंथालयाचा लॉगिन मिळाला, पुढे काय?

धागाकर्ती : कार्डकपाट

नमस्कार. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. नोकरीला लागले तेव्हा विद्यार्थी कार्डांचे खण ओढून पुस्तक शोधत असत. आज ते काम ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर होते आणि ग्रंथालयाचा मोठा भाग इमारतीच्या बाहेर गेला आहे. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेचे, म्हणजे महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या योजनेचे, आम्ही सभासद आहोत, त्यामुळे जवळपास दोन लाख ई-पुस्तके आमच्या मुलांना घरबसल्या वाचता येतात. शोधगंगेवर देशभरातील विद्यापीठांचे ५ लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते वाचायला लॉगिनही लागत नाही. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ पासून सर्वांसाठी आहे. एवढे असूनही वर्षअखेरीस वापराचा अहवाल काढते तेव्हा बहुतेक नावांपुढे शून्य असते. ते शून्य का येते याचा मी गेली काही वर्षे माझ्यापुरता माग काढला आहे. तो येथे मांडते आणि आपले अनुभव जाणून घेऊ इच्छिते.

पहिला अडथळा अगदी दारातच आहे. एन-लिस्टचे सभासदनाव आणि पासवर्ड विद्यार्थ्याच्या ई-मेलवर जातात. आमच्याकडील अनेक मुलांचा ई-मेल प्रवेशाचा अर्ज भरताना नेट कॅफेतल्या मुलाने तयार केलेला असतो, त्याचा पासवर्ड त्याच्याच वहीत असतो आणि कित्येकदा तो पत्ता कॅफेचाच असतो. पत्र पोहोचते, पण ज्याच्यासाठी आहे त्याला ते कधीच दिसत नाही. आता मी प्रथम वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाला समोर बसवून स्वतःचा ई-मेल उघडायला लावते. तास-दोन तासांचे हे काम टाळले तर पुढचे काहीही उभे राहत नाही.

दुसरा अडथळा मात्र मला अधिक खोल वाटतो. गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या एम.ए.चा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या प्रकल्पाचा विषय होता ऊसतोड मजुरांचे हंगामी स्थलांतर. त्याचे आईवडील स्वतः दरवर्षी दिवाळीनंतर कारखान्यावर जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून घेतलेली उचल, ती न फिटल्यास पुढच्या हंगामाला चढणारी बाकी, यांतील एकही गोष्ट त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्याने संगणकावर संपूर्ण शीर्षक मराठीत टाइप केले, तेव्हा वर्तमानपत्रांतील बातम्या आणि स्पर्धा परीक्षेच्या टिपणांची एक पीडीएफ आली. मग नियतकालिकांच्या संग्रहात त्याने तेच शब्द रोमन लिपीत लिहिले आणि पडद्यावर ‘एकही निष्पत्ती नाही’ असे आले. तो मला म्हणाला, “मॅडम, यावर कोणी लिहिलेलंच नाही.” ते वाक्य मला फार लागले, कारण यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते त्याच्याच घरातल्या माणसांविषयी आहे.

आम्ही एक कोरा कागद घेतला. डाव्या बाजूला त्याचे शब्द लिहिले आणि उजव्या बाजूला संशोधक त्याच गोष्टीला काय म्हणतात ते लिहिले. ऊसतोड मजुरासमोर ‘शुगरकेन कटर’ आणि ‘हार्वेस्टर’ हे दोन्ही शब्द आले, कारण काही जण एक वापरतात तर काही दुसरा. स्थलांतरासमोर ‘सीझनल मायग्रेशन’ आणि ‘सर्क्युलर मायग्रेशन’ आले. मुकादमासमोर ‘लेबर कॉन्ट्रॅक्टर’, उचलीसमोर ‘ॲडव्हान्स’ आणि ‘डेट बाँडेज’. दोन शब्द मिळून एक संज्ञा होत असेल तर ती अवतरणचिन्हांत लिहायची, पर्यायी शब्दांच्या मध्ये ‘ऑर’ आणि वेगळ्या कल्पनांच्या मध्ये ‘अँड’ लिहायचे, एवढे सांगितले. दुसऱ्या प्रयत्नात पहिल्याच पानावर त्याला मराठवाड्यावरील लेख मिळाला. त्यात ‘कोयता’ आणि ‘मुकादम’ हे शब्द तिरप्या रोमन अक्षरांत छापलेले पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही.

मोबाइल सफाईने चालवता येणे आणि आपला प्रश्न कपाटाच्या भाषेत विचारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली येते म्हणून दुसरीही येते असे आपण गृहीत धरले आहे. मुलांना रील तयार करता येते, पैसे पाठवता येतात, अर्ज भरता येतात. पण उतरवून घेतलेली फाइल कोठे गेली हे सांगता येत नाही, शंभर पानांच्या पीडीएफमध्ये एक शब्द शोधता येतो हे ठाऊक नसते, आणि प्रकल्पाच्या शेवटी ‘संदर्भ : गूगल’ असे लिहिलेले असते. यात मुलांची काही चूक नाही, कारण शाळेपासून पदवीपर्यंत हे त्यांना कोणीच बसवून शिकवलेले नाही.

आपल्या महाविद्यालयांत यासाठी कोणी काय करते? विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी दोघांनीही लिहावे ही विनंती.

गोदाकाठ

ताई, तुमचा कागद पाहून मला माझे पहिले वर्ष आठवले. मी सध्या पीएच.डी. करते आहे. माझ्या घरी संगणक नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता, तर शहरी घरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. त्यानंतर फोन घरोघरी आले, पण संगणक आले असे माझ्या गावात तरी दिसत नाही. त्यामुळे माझे सगळे वाचन सहा इंचांच्या पडद्यावर झाले. दोन स्तंभांत छापलेला लेख फोनवर वाचताना प्रत्येक ओळीला पडदा डावी-उजवीकडे सरकवावा लागतो आणि तळटीप पाहायला गेले की वाचलेली जागा हरवते. जेथे लेख वेबपानाच्या रूपातही असतो तेथे मी पीडीएफऐवजी तेच उघडते, कारण त्यात अक्षर मोठे करता येते.

दुसरी गोष्ट लॉगिनची. विद्यापीठाच्या आवारात असताना लेख आपोआप उघडतो, कारण प्रकाशक आवारातील जाळ्याचा पत्ता ओळखतो. सुटीत घरी आल्यावर त्याच लेखापुढे पैसे मागणारी चौकट येते. मी जवळजवळ वर्षभर असेच समजत होते की घरून वाचायचे म्हणजे पैसे भरायचे. इन्फेड या आवाराबाहेरून प्रवेश देणाऱ्या सोयीमधून आपल्या संस्थेचे नाव निवडून आत जाता येते हे मला वसतिगृहातल्या एका ताईने सांगितले. ही एक ओळ प्रवेशाच्या दिवशी मिळाली असती तर माझे कितीतरी फेरे वाचले असते.

शोधगंगेविषयी एक अनुभव सांगते. तेथे प्रबंधाचे प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये असते, म्हणून मी आधी संदर्भसूचीची फाइल उघडते. माझ्या विषयावर कोणी कोणी लिहिले आहे हे त्यातून अर्ध्या तासात समजते आणि मग त्या नावांवरून पुढचा शोध घेता येतो. नाव बदललेल्या विद्यापीठांच्या बाबतीत जुने आणि नवे अशी दोन्ही नावे टाकून पाहावीत. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे २०१८ मध्ये.

खडूफळा

मी वाणिज्य शाखेत शिकवतो आणि या प्रश्नातील आमचा वाटा स्पष्टपणे मान्य करतो. विद्यार्थी ई-ग्रंथालय उघडत नाहीत, कारण आम्ही दिलेले काम ते न उघडताही पूर्ण होते. परीक्षेचा प्रश्न टिपणांतून येतो, अंतर्गत मूल्यमापनाचा निबंध दोन संकेतस्थळांवरून उतरवता येतो आणि आमच्यापैकी अनेकांनी स्वतःही वर्षभरात एखादा लेख तेथून वाचलेला नसतो. ग्रंथपाल कितीही कार्यशाळा घेवोत, वर्गात त्याची गरज भासली नाही तर मूल त्या वाटेला जाणार नाही.

मी दोन वर्षांपूर्वी एक छोटा बदल केला. निबंधाऐवजी प्रत्येकाला एकच लेख शोधून आणायला सांगतो. त्याबरोबर एका पानावर तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या शब्दांनी शोधले, काय मिळाले नाही, आणि हाच लेख का निवडला. नक्कल करण्यासारखे त्यात फारसे काही उरत नाही, कारण प्रत्येकाचा शोध वेगळा असतो. ‘काय मिळाले नाही’ हा भाग मी सर्वांत आधी वाचतो. मूल कोठे अडले ते तेथे नेमके दिसते.

अलीकडे एक नवी अडचण वाढली आहे. विद्यार्थी चॅटबॉटकडून संदर्भांची यादी घेऊन येतात. लेखकाचे नाव, नियतकालिक, वर्ष, पाने असे सगळे त्यात व्यवस्थित असते, पण तो लेख जगात कोठेच नसतो. एका विद्यार्थिनीने अशी यादी आणली, तेव्हा आम्ही वर्गातच एकेक शीर्षक शोधले. नियतकालिक खरे होते, मात्र त्या अंकातील त्या पानांवर दुसराच लेख होता. तिने मुद्दाम फसवले नव्हते, छापल्यासारखे दिसते ते खरे असते अशी तिची समजूत होती. आता माझा नियम असा आहे की संदर्भापुढे डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तो उघडून पाहिलेला हवा, नसेल तर मूळ पान डोळ्यांनी पाहिलेले हवे. यंत्राची मदत घेऊ नका असे मी म्हणत नाही. तुमच्या उजव्या स्तंभातील पर्यायी शब्द सुचवण्यासाठी ते उपयोगी आहे, परंतु संदर्भ द्यायचा तर तो लेख स्वतः पाहिलेला असलाच पाहिजे.

जोडाक्षर

मी संगणक क्षेत्रात मराठी टंकांवर (फॉन्टवर) काम करतो. ‘मराठीत शोधले तर काही मिळत नाही’ या तक्रारीमागे एक तांत्रिक कारण आहे आणि ते विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, मराठी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांत टाइप होत असत. पडद्यावर अक्षर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन चिन्हे असतात. अशा पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहा, निरर्थक चिन्हांची माळ मिळेल. काही प्रबंध तर पानांची छायाचित्रे काढून चढवलेले असतात आणि त्यांत यंत्राला वाचता येईल असे एकही अक्षर नसते. ते ज्ञान तेथे आहे, पण शोधाला सापडत नाही. अशा वेळी मजकुरात न शोधता शीर्षकात, मार्गदर्शकाच्या नावात किंवा विभागाच्या यादीत शोधावे. शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत तर कधी इंग्रजी भाषांतराच्या रूपात नोंदवलेले असते, म्हणून तिन्ही तऱ्हांनी पाहावे.

युनिकोडमध्येही एक बारीक गोम आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक स्वतंत्र ऱ वापरून, आणि दुसरा साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. शोधयंत्राने दोन्ही रूपे एकत्र केलेली नसतील तर एका पद्धतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीचे शीर्षक आणणार नाही. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच, ते एका चिन्हाने लिहिता येते किंवा अ वर चंद्र देऊन. शेतकरी आत्महत्या हा आपल्याकडील संशोधनाचा किती मोठा विषय आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याच शब्दावर ही अडचण यावी याचे मला फार वाईट वाटते. तोवर उपाय एवढाच की विभक्ती लागलेले रूप न टाकता ‘शेतकरी’ हे साधे रूप टाकावे.

ग्रंथपालांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रबंध स्वीकारताना तो युनिकोडमध्ये आहे ना, एवढे एका ओळीची नक्कल करून तपासावे.

कानवाचक

जोडाक्षर यांच्या मुद्द्याला माझ्या बाजूने जोड देतो. मी दृष्टिहीन आहे, राज्यशास्त्रात एम.ए. केले आणि सगळे वाचन पडदावाचकावर ऐकून केले. छायाचित्रांची पीडीएफ उघडली की माझे यंत्र गप्प बसते. जुन्या टंकातील फाइल असेल तर ते रोमन अक्षरे एकेक करून उच्चारू लागते. डोळस विद्यार्थ्याला शोधताना जी अडचण येते ती मला वाचतानाही येते, त्यामुळे एक फाइल युनिकोडमध्ये आली की आम्हा दोघांचेही काम होते.

सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात ऐकण्याजोग्या रूपातील पुस्तके मिळतात, पण विद्यापीठाच्या नेमलेल्या मराठी पुस्तकांसाठी मला बहुतेक वेळा मित्रांच्या वाचनावरच अवलंबून राहावे लागले.

पिंपळपार

माझे शिक्षण पूर्ण होऊन बरीच वर्षे झाली. कोणत्याही संस्थेचा लॉगिन नाही, पण गावाच्या इतिहासावर लिहायची इच्छा आहे. माझ्यासारख्याला यातले काय खुले आहे?

कार्डकपाट

सर्वांचे मनापासून आभार. आधी पिंपळपार दादांना उत्तर देते. शोधगंगा आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तुम्हाला खुले आहे, मात्र या डिजिटल ग्रंथालयात काही साहित्याची केवळ नोंद दिसते आणि मूळ मजकूर संबंधित संस्थेकडेच असतो. गावाच्या इतिहासासाठी सर्वांत आधी आपल्या जिल्ह्याचे गॅझेटिअर पाहा, ते राज्य शासनाच्या गॅझेटिअर विभागाने संकेतस्थळावर ठेवले आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. जुन्या कागदांत एखादा शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात. वतन, बलुते, जमाबंदी यांच्याशी संबंधित शब्दांसाठी मी स्वतः तेच वापरते.

देशभरातील संस्थांना संशोधन नियतकालिके एकाच वर्गणीतून देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेविषयी मला काही जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे, म्हणून येथेच लिहिते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा आवाका जाहीर झाला. इन्फ्लिबनेट ती चालवते. परंतु मंजूर झाली तेव्हा ही योजना केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी होती, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. त्यामुळे बातमी वाचून आपल्याला सर्व काही मिळाले असे समजू नका. आपल्या संस्थेला काय मिळते हे आपल्या ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटून विचारा. विद्यार्थ्यांनी विचारले की आम्हालाही वर मागणी करायला बळ येते.

गोदाकाठ ताईंनी जाळ्याच्या पत्त्याचा उल्लेख केला, त्यावरून एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. मी पूर्वी जेथे काम करत होते तेथे एका संशोधकाने एका नियतकालिकाचे सगळे अंक एका रात्रीत उतरवणारे साधन लावले. त्याचा हेतू वाईट नव्हता, सुटीत घरी नेऊन वाचू असा त्याचा विचार होता. सकाळी प्रकाशकाने संपूर्ण आवाराचा प्रवेश बंद केला आणि प्रबंध सादर करण्याच्या ऐन दिवसांत इतर सर्वांचे काम कित्येक दिवस अडकले. वर्गणीच्या करारात घाऊक उतरवण्याला मनाई असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून माझ्या पहिल्या तासात ही गोष्ट असतेच: हवा तो लेख घ्या, कपाटच्या कपाट उचलू नका.

खडूफळा सर, आपला ‘काय मिळाले नाही’ हा रकाना मी माझ्या कागदात आजच घेतला आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना २०१९ पासून संशोधन व प्रकाशन नीतीचा २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात विदासंग्रहांची (डेटाबेसची) ओळखही आहे, पण तोवर विद्यार्थी पाच वर्षे मागे राहिलेला असतो. हेच काम पदवीच्या पहिल्या सत्रात, आणि तेही प्रत्येकाच्या स्वतःच्या विषयावर व्हायला हवे. ‘ई-संसाधनांची ओळख’ या नावाचे स्लाइड दाखवणारे व्याख्यान मी अनेकदा घेतले आहे. टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी कोणीच येत नाही. एका वेळी सहा मुले, सहा विषय आणि सहा कागद घेऊन बसले, तेव्हाच फरक दिसला.

गोदाकाठ

ताई, तो कागद नेमका कसा आखता? आमच्या वसतिगृहात दर रविवारी आम्ही काही मुली एकत्र बसतो, तेथे करून पाहायचे आहे.

कार्डकपाट

अगदी साधा आहे. वहीचे पान आडवे धरा आणि चार रकाने पाडा. पहिल्यात माझा शब्द, म्हणजे घरी किंवा शेतात जो वापरतो तो. दुसऱ्यात त्याचे छापील मराठी रूप. तिसऱ्यात इंग्रजीतील संज्ञा, आणि त्या एकीवर न थांबता किमान दोन. चौथा रकाना आता खडूफळा सरांचा: कोठे शोधले आणि काय मिळाले नाही. एखादा लेख हाती लागला की त्याच्या सारांशाखाली जे बीजशब्द दिलेले असतात ते उचलून तिसऱ्या रकान्यात भरा आणि पुन्हा शोधा. तिसरा रकाना भरत गेला की चौथा आपोआप लहान होतो.

सुरुवात मात्र पहिल्या रकान्यापासूनच करा. माझ्या त्या विद्यार्थ्याने प्रकल्पाच्या शेवटी चौदा संदर्भ दिले होते, पण त्याच्या कागदावर सर्वांत वर अजूनही पेन्सिलीने लिहिलेला ‘उचल’ हाच शब्द आहे. तो कागद मी ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावला आहे.